सुनेचं कार्ड, माझं कार्ड

सुनेच्या वाढदिवसाला माझ्या मुलाने तिला ग्राफिक्स कार्ड दिलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात शिरा ढवळत होते. हॉलमधून तिची किंकाळी आली. मला वाटलं, झुरळ. कालथा हातात घेऊन बाहेर आले, तर ती एक लांबलचक खोका छातीशी धरून उभी होती आणि मुलगा सोफ्यावर बसून स्वतःवरच खूश होऊन हसत होता.

“आई, बघा ना, याने काय आणलंय!”

मी बघितलं. खोक्यावर कार्डाचं चित्र होतं. त्याला तीन पंखे होते. माझ्या कार्डाला दोन आहेत. “छान आहे गं,” म्हटलं आणि आत आले. शिरा तळाला लागला होता.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी बिल्डर लोकांसाठी इमारतींची चित्रं करते. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल हे दाखवणारी, ब्रोशरमध्ये छापतात ती. कॉम्प्युटरमध्ये भिंती, दारं, झाडं, सोफे मांडायचे, दिवे आणि ऊन लावायचं, मग यंत्राने हिशेब करून त्याचा फोटोसारखा फोटो काढून द्यायचा. याला रेंडर म्हणतात आणि यातलं कष्टाचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. कार्ड दमदार असलं तर चित्र लवकर हातात येतं. साधारण असलं तर आपण चहा करायचा, कपडे वाळत घालायचे, येऊन बघायचं, तरी ते अर्ध्यातच.

हे काम मी पोरवयापासून करतेय. सुरुवात ड्रॉइंग बोर्डवर झाली. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने रेघ मारायची आणि चुकली की ब्लेडने हलकेच खरवडायची. माझे वडील गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. त्यांना माझ्या कामाचं नाव कधी सांगता आलं नाही. गाववाला भेटला की म्हणायचे, “माझां चेडू घरां काढता,” म्हणजे माझी मुलगी घरं काढते. पुढे बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले. चाळिशी उलटल्यावर थ्रीडी शिकायला क्लासला गेले. तिथे सगळी पोरं मला आधी टीचर समजली होती. तर मला माझ्या कामाचा अभिमान आहे, आणि आमच्या मुलुंडच्या घरात कॉम्प्युटरवाली बाई म्हणजे मीच, असं बरीच वर्षं चाललेलं होतं.

मग सून आली. तीही थ्रीडीतलीच, पण इमारतींची नव्हे. गोरेगावच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत ती लायटिंग करायची, म्हणजे दुसऱ्यांनी तयार केलेल्या दृश्यात ऊन, दिवे, सावल्या लावायच्या. आठवड्यातून दोन दिवस स्टुडिओत, बाकी घरून. माझं टेबल ज्या खोलीत होतं ती खोली त्या दोघांना दिली आणि माझं टेबल हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी आलं. तिचं टेबलही तिथेच, माझ्याला काटकोनात. म्हणजे मी मान जरा उजवीकडे वळवली की तिच्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट दिसायचा. काचेचा. आत निळा उजेड. आता त्या उजेडात तीन पंखे फिरायला लागले.

मला पंख्यांचं काही नव्हतं. मला लागलं ते वेगळंच. माझं कार्ड तीन-चार वर्षांपूर्वी मुलानेच आणून दिलं होतं. दुकानातून फोन केला होता, “आई, हे घेतोय, तुला पुरेल.” एवढंच. आणि बायकोच्या कार्डासाठी हा महिनाभर व्हिडिओ बघत होता. दोन कार्डं शेजारी शेजारी, एकच दृश्य दोन्हीवर चाललेलं, कोपऱ्यात आकडे पळताहेत. जेवतानासुद्धा कानात ते खुपसलेलं. मला वाटायचं, मॅच बघतोय. कुणाला तरी सगळ्यात चांगलं मिळावं म्हणून माणूस इतकं बघतो, हे मला चांगलं कळतं, कारण त्याच्या शाळेसाठी, दप्तरासाठी, चष्म्याच्या काचेसाठी मी तसं बघत आले होते. आणि मला काय? पुरेल.

दुसऱ्या दिवसापासून मी लपून अभ्यास सुरू केला. कुकर लावायचा आणि ओट्याला टेकून मोबाइलवर शोधायचं. अशा साइट असतात की दोन कार्डांची नावं टाकली की त्यांची कुंडली मांडून देतात. डावीकडे माझं, उजवीकडे तिचं. प्रत्येक ओळीत जे वरचढ ते हिरवं. कंपनी दोघांची एकच, पण तिचं पुढच्या पिढीतलं. हिशेब करणारे कोअर तिच्यात जास्त, ते हिरवं. वेग जास्त, हिरवं. वीज खायला मात्र कमी. कमी खाऊन जास्त काम! हेही हिरवं. मी एकेक ओळ खाली जात होते आणि शेजारणीच्या मुलीची मार्कशीट बघावी तसं माझं तोंड होत होतं. मग एक ओळ आली, मेमरी. माझी बारा जीबी, तिची आठ. तिथे डावीकडे हिरवं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते काही कळलं नाही. भात गिचगोळा झाला.

“आज भाताची खीर केलीस का?” नवऱ्याने विचारलं. तो बँकेतून निवृत्त झाल्यापासून जेवणावर बारीक लक्ष ठेवून असतो.

त्याच सुमारास घाटकोपरचं काम आलं. पंतनगरमधल्या जुन्या बिल्डिंगी पाडून नवे टॉवर होताहेत, त्यातलंच एक. ज्या बिल्डरसाठी हे करत होते तो कच्छी माणूस, माझ्याशी फार वर्षांचा संबंध. मला बेन म्हणतो. सोसायटीच्या मेंबरांना दाखवायला त्याला चित्रं हवी होती. बाहेरून इमारत, पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या छतावरची बाग, एक फ्लॅट आणि खालची लॉबी. मुदत नेहमीप्रमाणे कमी. माझं यंत्र घरघर करत होतं, एक चित्र संपायला दुपार लागत होती आणि मधेच काही बदललं की पुन्हा पहिल्यापासून.

सून शेजारून बघत होती. शेवटी म्हणाली, “आई, एक फाइल मला द्या ना. माझ्या मशीनवर टाकते. माझं काम होतंय आटपून.”

“नको गं, होईल माझं.”

“अगं दे की,” नवरा पेपरातून म्हणाला. “घरात दोन दोन गीझर चालू आहेत, एक तरी उपयोगाला येऊ दे.”

मी लॉबीची फाइल दिली. सगळ्यात सोपी होती म्हणून दिली. चार भिंती, वॉचमनचं टेबल, दोन सोफे, लिफ्टची दारं.

संध्याकाळी तिने चित्र दाखवलं. भिंती माझ्याच होत्या, सोफे माझेच होते. पण तिने माझे छतातले सगळे दिवे मंद केले होते आणि दारातून संध्याकाळचं ऊन आत घेतलं होतं. ते फरशीवरून लिफ्टपर्यंत लांब गेलं होतं. वॉचमनच्या टेबलाचा एक कोपरा उजळला होता, बाकी सावलीत. बघितल्यावर असं वाटलं की आत्ता कुणीतरी ऑफिसातून दमून येईल आणि इथे घटकाभर टेकेल.

“बदललं थोडं. चालेल ना? नाहीतर तुमचं होतं तसं करते.”

“राहू दे,” मी म्हटलं. मुदत उद्याची होती.

बिल्डरने माझ्या बाकीच्या चित्रांवरून बोट फिरवत नेलं आणि लॉबीपाशी थांबला. “बेन, हे काय केलं तुम्ही? इथे बसून चा प्यावासा वाटतो. बाकी पण असे करा ना.”

मी म्हटलं, “ते दुसऱ्या मशीनवर झालंय. त्याचं कार्ड नवीन आहे. माझं जुनं झालं हो.”

“मग नवीन घ्या ना, बेन!”

रिक्षात बसल्यावर माझं डोकं नुसतं तापलं होतं. पण मी जे बोलले ते मला पटूनही गेलं होतं. कार्डच. दुसरं काय? मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, माझा डोळा काही असातसा नाही. तीन पंखे मला द्या, मग बघा.

रविवारी बांगड्याचं जेवण झालं आणि मी मुलाला सरळ म्हटलं, “मला पण तेच कार्ड पाहिजे.”

“कोणतं?”

“बायकोला दिलंस ते.”

तो हसला. “आई, तुला ते नको गं. तुझ्यात मेमरी जास्त आहे. तुझे सीन मोठे असतात, शंभर झाडं, सगळ्या खिडक्या. ते आठ जीबीत बसणार नाही. म्हणून तर तेव्हा तुझ्यासाठी बारावालं घेतलं होतं.”

“तेव्हा तू म्हणालास, पुरेल.”

“मग पुरतंय ना?”

माझा विश्वास बसला नाही. आईला गप्प करायला पोरं काहीही बोलतात. मी म्हटलं, “चल, मग दोन्हीवर एकच फाइल लावू. बघू कोण खरं.”

सून टुणकन उठली. तिला ती गंमतच वाटली. आधी माझी फ्लॅटच्या हॉलची फाइल लावली, दोन्ही यंत्रांवर एकदम. मुलाने एक, दोन, तीन म्हटलं. नवरा चष्मा लावून दोघींच्या मधे खुर्ची टाकून बसला. तिचं चित्र झरझर स्वच्छ होत गेलं, धुक्यातून वर आल्यासारखं. माझं अजून दाणेदारच होतं, रव्यासारखं, आणि तिचं संपलंसुद्धा. पंख्यांचा आवाजही नाही. माझं कार्ड मात्र जातं फिरवल्यासारखं ओरडत होतं.

“झकास आहे राव,” नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने चष्मा पुसायला घेतला.

“आता दुसरी लाव,” मी म्हटलं. “बाहेरून इमारत. बागेसकट.”

ही माझी सगळ्यात जड फाइल. माझ्या यंत्रावर ती कण्हत का होईना सुरू झाली. तिच्या पडद्यावर बराच वेळ काही आलंच नाही आणि मग एक चौकट आली, मेमरी संपली म्हणून. तिने पुन्हा लावली. पुन्हा तेच.

मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला स्वयंपाकघरात गेले. ओट्याशी उभी राहून एकटी हसले. सासूबाई गेल्यानंतर त्यांची पितळी भांडी वाटताना मोठा डबा जावेऐवजी मला आला होता, तेव्हा असं हसले होते. सगळ्यांसाठी कोकम सरबत केलं, तिला बर्फ जास्त घातला.

बाहेर आले तर सून माझ्या फाइलमध्ये शिरून बसली होती. ती का बसत नाही ते शोधत होती. “आई, या खिडक्यांच्या जाळ्या... प्रत्येक वेगळी आहे?”

“हो. मग?”

“एक करून तिच्या कॉप्या नाही टाकल्या?”

“लोक राहायला आले की प्रत्येक जण आपापली जाळी बसवतो. कुणी पुढे काढतो, कुणी तुळशीसाठी खाली फळी ठेवतो. एकसारख्या केल्या की इमारत रिकामी वाटते.”

ती एकेक खिडकी मोठी करून बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल की ही कशाला नसती मेहनत. “आमच्याकडे हे असं करायला कुणी देणारच नाही,” एवढंच ती म्हणाली. मला ते कौतुक आहे की मला चढवणं आहे हे कळलं नाही. त्या दिवशी मी ते चढवणं म्हणूनच धरलं.

पण रविवारचा विजय फार टिकला नाही. बिल्डरला सगळी चित्रं लॉबीसारखी हवी होती. मी माझ्या यंत्रावर ऊन तिरकं केलं, पिवळं केलं, लांब केलं. लॉबीसारखं काही होईना. सून मागे म्हणाली होती, “मी गोरेगावला जाते तेव्हा माझ्या मशीनवर बसत जा ना.” तोवर मी मानापायी बसले नव्हते. एका दुपारी ती गेल्यावर बसले.

काय सांगू! मी सूर्य हलवला की चित्र त्याच क्षणी बदलत होतं. वाट बघणं नाही, चहा नाही, कपडे नाहीत. मी फ्लॅटच्या बेडरूमची फाइल उघडली आणि तास दोन तास ऊन इकडून तिकडे फिरवत बसले. सकाळचं करून बघितलं, दुपारचं, संध्याकाळचं. पडदे लावले, काढले. यंत्र मी म्हणेन ते झटक्यात दाखवत होतं आणि मला दर वेळी दिसत होतं की हे ते नाही. आधी मी कार्डावर ढकलू शकत होते. आता कार्ड माझ्याच हाताखाली होतं, तिन्ही पंखे फिरत होते, आणि चित्र तसंच होतं. फर्निचरच्या दुकानासारखं.

मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात लॅचमध्ये चावी फिरली.

ती संध्याकाळी यायची. आत्ता तर दुपारचं ऊन बाल्कनीत होतं. मी तिच्या खुर्चीवरून घाईने उठायला गेले आणि पाय वायरमध्ये अडकला. “अगं, ते माझं मशीन जरा... म्हणून म्हटलं तुझ्यावर बघावं... तुझ्या सेटिंगला हात लावला नाही हं काही.”

तिने बॅग सोफ्यावर ठेवली. चपला काढायला विसरली होती. “बसा ना, आई,” म्हणाली. “मला आता नाही लागणार.”

मला आधी अर्थच कळला नाही. मग ती म्हणाली, बाहेरच्या देशातला सिनेमा होता तो थांबला, अख्ख्या टीमला आजच सांगितलं की उद्यापासून येऊ नका, पास काढून घेतला, टेबलावरचा मग पिशवीत घालून दिला. अगदी साध्या आवाजात सांगत होती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती दयेची नव्हती. आता हे कार्ड नुसतं पडून राहणार, असं आलं. दुसऱ्या क्षणी मी पाणी आणायला धावले, पण पहिला क्षण तो होता.

तिने पाणी घेतलं, ग्लास हातात धरून माझ्या मागे उभी राहिली. पडद्यावर माझी बेडरूम होती. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, ती बघतही नसेल, विचारात असेल.

“ऊन फार वरून येतंय,” ती म्हणाली.

“काय?”

“सूर्य वर आहे तुमचा. खाली आणा. अजून. अजून खाली, आई, घाबरू नका. आता सगळं उजळू नका, पलंगाची ही बाजू अंधारात राहू दे. राहू दे हो. माणसाला घरात सगळं दिसावं लागत नाही.”

मी माउस तिच्याकडे सरकवला. तिने घेतला नाही. “तुम्हीच करा.” मी केलं. ती बोट दाखवत होती आणि तिचे डोळे भरलेले होते आणि मी सूर्य खाली ओढत होते. बेडरूम हळूहळू कुणाची तरी झाली.

त्या आठवड्यात बिल्डरचा फोन आला, की बेन, बाकीचे कधी देता. मी म्हटलं, “लॉबी माझ्या सुनेने केली होती. ती सध्या घरी आहे. दोघी मिळून करू.” एवढं बोलायला मला फार जड गेलं. कपाटाची किल्ली कुणाला काढून द्यावी तसं. त्याने लगेच तिचा नंबर मागितला. तोही दिला.

मग आम्ही काम वाटून घेतलं. उभारायचं मी, उजेड तिचा. इमारत बाहेरून तिच्या कार्डात मावत नव्हती, म्हणून ती माझ्या यंत्रावर बसायची आणि मी तिच्या यंत्रावर. मुलाने सुचवलं, दोन्ही कार्डं एकाच कॅबिनेटमध्ये लावू, काम आणखी पटपट होईल.

“माझं कार्ड तिच्या डब्यात? मुळीच नाही,” मी म्हटलं.

“तसंही मेमरीची बेरीज होत नाही,” सून म्हणाली. “दोन्हीत आठच धरणार.”

“बघ!” मी मुलाला म्हटलं. आम्ही दोघी एका बाजूला असण्याचा बहुधा तो पहिला प्रसंग.

सोसायटीची सभा पंतनगरमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये होती. बिल्डरने दोघींना बोलावलं. मोठ्या पडद्यावर चित्रं लावली आणि मेंबर खुर्च्या ओढून पुढे आले. एक म्हाताऱ्या बाई उठून थेट पडद्यापाशी गेल्या. “माझी खिडकी कुठली?” मी त्यांना चौथ्या मजल्यावर दाखवली. त्यांनी जाळीला हात लावला, पडद्यावरच, आणि म्हणाल्या, “फळी पण ठेवलीय.” तेवढ्यानेच मी भरून पावले. वाटलं, हे माझं.

मग एक गृहस्थ उठले, जरा चढ्या आवाजात. “चित्रात सगळ्यांच्याच घरात ऊन असतं. खरं येणार का हे?”

बिल्डर माझ्याकडे बघायला लागला. मला उत्तर माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ऊन चांगलं दिसेल तिथून आणत आले होते.

सून उभी राहिली. “हॉलमध्ये येणार काका, चारनंतर. तुमच्या पश्चिमेला रेल्वेलाइन आहे ना, तिथे मध्ये काही उभं राहणार नाही. मी नकाशावर दिशा बघूनच सूर्य ठेवलाय. पण मागच्या बेडरूममध्ये नाही येणार. ते चित्र बघा, तिथे मी नाही दाखवलेलं.”

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली आणि मग सगळे तिलाच विचारायला लागले. आमच्या विंगेत? सकाळचं कुठून? पावसाळ्यात? ती एकेकाला सांगत होती. त्या म्हाताऱ्या बाईसुद्धा माझ्याजवळून तिच्या बाजूला जाऊन बसल्या. बिल्डर टाळ्या वाजवल्यासारखे हात चोळत होता. आणि मी तिथे पर्स मांडीवर घेऊन बसले होते. अभिमान वाटत होता, नाही असं नाही. पण त्याच्या खाली दुसरं जे होतं ते अगदी ताजं होतं, वाढदिवसाच्या दिवशी होतं त्याहून ताजं. त्या दिवशी निदान दोष द्यायला कार्ड होतं.

परत येताना रिक्षा हायवेला लागली. मी म्हटलं, “सगळे तुलाच विचारत होते. मला नाही आवडलं.”

बोलून गेल्यावर मीच दचकले. ती हसायला लागली. “माहितेय. पर्सची चेन किती वेळा उघडलीत!”

“हसू नकोस.”

“नाही हसत. आई, त्या आजींनी जाळीला हात लावला ना, तेव्हा मला पण नाही आवडलं. मी इतके सिनेमे केले, शेवटी नावं पळतात त्यात माझं नाव कुठे जातं ते मला पण दिसत नाही. तुम्ही मात्र रिक्षात बसून लोकांना दाखवता, ही बिल्डिंग माझी, ती बिल्डिंग माझी. मला इतका राग येतो ना तुमचा.”

“खरंच?”

“हो.”

मला फार बरं वाटलं. म्हणजे बरं वाटायला नको होतं, पण वाटलं. विक्रोळी मागे गेलं तरी वाटतच होतं. मी तिला भांडुपच्या अलीकडची एक उंच बिल्डिंग दाखवली. “ती पण माझी.”

“आई!” ती ओरडली.

तेवढ्यात बिल्डरचा फोन आला. ठाण्याच्या एका पार्टीला सभेतली चित्रं पाठवली होती, त्यांना आवडली, भेटायला कधी येता, असं विचारत होता. ती म्हणाली, “हो हो, आई शेजारीच आहेत, त्यांच्याशी बोला ना, तारीख त्याच सांगतील.” आणि फोन माझ्या हातात दिला.

मी तारीख दिली. ते काम मिळालं आणि त्यानंतरही काही मिळाली. आता दारावर दोघींच्या कामाची एकच पाटी लावायची म्हणून मुलगा मागे लागलाय. फक्त एक आहे. तो फोन तिला आला होता, माझा फोन पर्समध्ये गप्प होता, आणि हे अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.